टेबलावर एकच डबा

“बाबा, ह्या डब्यात जिरे भरू का? झाकण मस्त घट्ट आहे,” सुनेत्रा म्हणाली, आणि चहाचा कप माझ्या ओठांपाशी येता येता थांबला. शनिवारची सकाळ होती. सिंकशेजारच्या जाळीवर पालथा घातलेला काळा प्लास्टिकचा डबा उचलून माझी सून तो खिडकीच्या उजेडात फिरवून बघत होती. मी म्हणालो, “नको, नको. खायचं काही नको त्यात.” “का? कशाचा आहे?” “पावडरीचा. गॅरेजमधल्या, बंदुकीच्या.” तिने डबा मेलेली पाल असावी तसा खाली ठेवला आणि साबणाने हात धुतले. “आई काल फोनवर विचारत होती, व्याही काय करतात दिवसभर? मी म्हटलं, गॅरेजमध्ये बसून दारू मोजतात. ती केवढी घाबरली!” ती हसली. मीही हसलो असणार. पण माझं लक्ष डब्याकडे होतं. तो मीच धुतला होता, गुरुवारी दुपारी. गरम पाण्यात भिजवून त्याचं लेबल नखाने खरवडून काढलं होतं. लेबलाचा ओला लगदा बोटांना चिकटत होता, तोही आठवत होता. धुण्याआधी डब्याच्या तळाशी दोनेक मुठी पावडर उरली होती, हेही आठवत होतं. ती मी कुठे ओतली, हे आठवत नव्हतं.

इतकंच झालं होतं. तसं पाहिलं तर चष्मा कुठे ठेवला हे माणसं रोज विसरतात. पण शुक्रवारी मी पन्नास काडतुसं भरली होती, ती शेल्फवरच्या दुसऱ्या डब्यातून, आणि ती पन्नास काडतुसं घेऊन माझा मुलगा शैलेंद्र उजाडायच्या आत वॉरन काउंटीतल्या एका शेतावर निघून गेला होता. आत्ता तो गवतात रायफलीला गाल लावून पालथा पडला असेल. रायफल चालवताना गाल लाकडाला टेकवावा लागतो आणि उजवा डोळा बोल्टपासून, म्हणजे काडतुसामागचं तोंड बंद करणाऱ्या दांड्यापासून, वीतभर अंतरावर असतो. मी ते पुस्तकात वाचलं आहे. मी सगळंच पुस्तकात वाचलं आहे.

मी अमरावतीला एका सायन्स कॉलेजात ग्रंथपाल होतो. आयुष्यात कधी उंदीर मारला नाही, पिंजऱ्यात सापडलेला सोडायलाही माझी बायको पद्मिनीच जायची, लांब, नाल्यापलीकडे. ती गेल्यावर वर्षभराने शैलेंद्र मला अमेरिकेत, पार्सिपनीला घेऊन आला. इथे घर मोठं आहे, माणसं चांगली आहेत, आणि गाडी चालवता येत नसेल तर पायी जाण्यासारखं काहीही नाही. फुटपाथ आमच्या गल्लीच्या तोंडाशी संपतो. पहिल्या हिवाळ्यात मी घरातली सगळी पुस्तकं वाचून संपवली, मग टोस्टरची माहितीपत्रकं वाचली. त्याच सुमारास शैलेंद्रच्या ऑफिसातल्या राजीवने त्याला ह्या नादाला लावलं. राजीव इथेच जन्मलेला, त्याचं मराठी आजीच्या हाताखाली शिकलेलं आणि तिथेच थांबलेलं. वुडचक नावाचा मांजराएवढा गुबगुबीत प्राणी कुरणात बिळं करतो, बिळात गाईंचे पाय मोडतात, ट्रॅक्टर कलंडतात, म्हणून शेतकरी आपण होऊन शिकाऱ्यांना बोलावतात. सुनेत्राला हे मुळीच आवडलं नव्हतं, आणि तिने महाराष्ट्र मंडळात कुणाला सांगायचं नाही अशी अट घातली होती. मलाही आवडलं नव्हतं. पण मला न आवडलेल्या गोष्टी मी बोलून दाखवल्याचं कुणाला आठवणार नाही. एका रविवारी शैलेंद्र चार जाडजूड पुस्तकं माझ्या पलंगावर ठेवून म्हणाला, “बाबा, राजीव म्हणतो विकतच्या काडतुसांत मजा नाही, आपली आपण भरायची. मला वाचायला वेळ कुठाय? तुम्ही वाचून सांगा ना, कोणती पावडर घ्यायची, कोणती बुलेट.” शाळेत असताना त्याने मला कधी काही विचारलं नव्हतं, सगळं आईला विचारायचा. मी त्या रात्री झोपलो नाही.

ती चार पुस्तकं एकमेकांशी पटत नव्हती. ते मला फार आवडलं. एक म्हणे, ह्या गोळीमागे ही पावडर सर्वांत उत्तम. दुसरं त्याच पावडरीला शेवटच्या ओळीत टाकायचं. तिसऱ्यातला पावडर भरायचा कमाल आकडा पहिल्याच्या किमान आकड्याच्या जवळ असायचा. मी महिनाभर त्यांच्यामध्ये बसून होतो. गोळी हलकी घ्यावी तर ती वेगाने जाते पण वाऱ्याने ढकलली जाते. लांब घ्यावी तर ह्या रायफलीच्या नळीतले पीळ तिला पुरेसं फिरवत नाहीत, मग ती डुलत जाते. शेवटी मी पातळ तांब्याच्या सालीची, टोकाला प्लास्टिकचा ठिपका असलेली हलकी गोळी निवडली, कारण ती लागताक्षणी आतल्या आत फुटून विरते, दगडावर आपटून उडत नाही, आणि त्या कुरणापलीकडे गाई होत्या आणि एक पांढरं घर होतं. शैलेंद्रला मी एवढंच म्हणालो, “ही सुरक्षित वाटते.” तो म्हणाला, “डन.” पावडरीचं ठरायला जास्त दिवस लागले. बंदुकीच्या पावडरीचा स्फोट होत नाही, ती जळते, आणि सगळा प्रश्न ती किती सावकाश जळते हा असतो. फार सावकाश जळली तर गोळी नळीबाहेर पडली तरी ही मागे ठिणग्या टाकत बसते. फार भरकन जळली तर गोळीला हलायलाच वेळ मिळत नाही, आणि सगळा दाब मागे येतो, बोल्टवर, गालाजवळ. मी मधली एक निवडली, खसखशीसारखी बारीक, काळी, चकचकीत, मापट्यातून पाण्यासारखी पडणारी. काडीच्या आकाराची पावडर मापट्यात अडकायची, तुटायची, तो खरखर आवाज मला सहन व्हायचा नाही. आता वाटतं, ती काडीवालीच घ्यायला हवी होती. शेवयांचे तुकडे आणि खसखस एकमेकांत मिसळले असते तर आंधळ्यालाही कळलं असतं.

कारण शेल्फवर दुसरी खसखस होती. राजीवने आपल्या पिस्तुलासाठी आणलेली, फार लवकर जळणारी, त्याच्याकडे जागा नाही म्हणून आमच्या गॅरेजात ठेवलेली. तिचा डबा तोच, जो जाळीवर पालथा होता. चारही पुस्तकांचं ज्या एका गोष्टीवर एकमत होतं ती म्हणजे, टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा शेल्फवर, पाठीमागे, हाताला लागणार नाही असा. काम संपलं की मापटं रिकामं करायचं, पावडर ज्या डब्यातून घेतली त्याच डब्यात परत. मी हा नियम मोठ्या अक्षरांत लिहून टेबलासमोर चिकटवला होता. ज्याने आयुष्यभर दहा हजार पुस्तकांच्या पाठींना आकडे चिकटवले, एक पुस्तक चुकीच्या कपाटात गेलं तर ते हरवलंच असं विद्यार्थ्यांना बजावलं, त्याला हा नियम शिकवायची गरजही नव्हती. पण माझ्या आत आणखी एक माणूस आहे, तो पद्मिनीने केलेला आहे. पद्मिनीला दोन अर्धे डबे बघवत नसत. तुरीच्या डाळीचा एक डबा अर्धा, दुसरा अर्धा, की ती एक दुसऱ्यात ओतायची, हलवून खाली बसवायची, रिकामा घासून उन्हात पालथा घालायची. “दोन अर्धे मिळून जागा अडवतात नुसती,” ती म्हणायची. ती गेल्यावर अमरावतीच्या त्या स्वयंपाकघरात मी एकटा वर्षभर राहिलो, आणि तिचं दुसरं काहीच मला करता येत नव्हतं, पोळी नाही, फोडणी नाही, म्हणून मी तेवढंच करत राहिलो. डबे एकात एक रिकामे करायचो. मुठीने हलवून खाली बसवायचो. हाताला ते इतकं सवयीचं झालं की करताना मी कुठेतरी दुसरीकडेच असायचो.

आता माझ्या डोळ्यांसमोर दोन चित्रं होती आणि दोन्ही सारखीच स्वच्छ होती. एकात मी मागच्या अंगणात गुलाबाशी वाकलो आहे आणि काळी पावडर मातीवर पसरतो आहे. राजीव म्हणाला होता की ही जुनी झाली, काका, फेकून द्या, झाडांना टाका, खत होतं तिचं. दुसऱ्यात मी टेबलापाशी उभा आहे, एका डब्याचं तोंड दुसऱ्या डब्याच्या तोंडावर तिरपं धरलं आहे, आणि पावडर सरकन खाली जाते आहे. दुसऱ्यात आवाजही होता. पहिल्यात नव्हता. पण मातीवर पावडर टाकली तर आवाज येणार कुठून?

मी सुनेत्राला काही न बोलता अंगणात गेलो. गुलाबाच्या मुळाशी लाकडाचा काळा भुसा घातलेला होता आणि काल संध्याकाळी पाण्याचे फवारे चालले होते. काळ्यात काळं शोधत मी गुडघ्यांवर बसलो. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून हात हलवला, मीही हलवला. मग गॅरेजात गेलो. शेल्फवरचा डबा उघडला. पावडर होती तेवढीच होती की जास्त, हे मला सांगता येईना, कारण किती असायला हवी हेच मी कधी पाहिलं नव्हतं. पुस्तकातले आकडे माझे पाठ होते आणि डब्यातली पातळी नाही. चिमूटभर पांढऱ्या कागदावर काढली, वाचायचं भिंग लावलं. दाणे दोन प्रकारचे दिसले. पुन्हा पाहिलं, एकाच प्रकारचे. डोळे पुसले, पुन्हा दोन प्रकारचे. समजा, ओतली असेल. तर हलवली का? हलवली असेल तर ती सगळीकडे सारखी थोडी थोडी पसरली, आणि प्रत्येक काडतूस थोडं थोडं वाईट. हलवली नसेल तर ती वर राहिली, आणि मापट्यात सगळ्यांत आधी तीच पडली, आणि पहिली काही काडतुसं निव्वळ तिची. पेटीत काडतुसं मी डाव्या कोपऱ्यापासून लावतो. शैलेंद्र कुठल्या कोपऱ्यापासून काढतो? मी त्याला कधीच गोळी झाडताना पाहिलेलं नाही. त्याने दोनदा बोलावलं होतं. मी म्हणालो होतो, मला तिथे काय कळतंय.

मला वाटलं, हे सांगायलाच हवं. आणि लगेच वाटलं, काय सांगू? झालं असेल तर सांगता येतं. न आठवणारं कसं सांगायचं? उगाच घबराट होईल, तो चिडेल, राजीव हसेल, “काका, चिल.” आणि नसेल झालं, तर हे टेबल जाईल. हे टेबल म्हणजे ह्या घरातली माझी एकमेव जागा. संध्याकाळी शैलेंद्र ऑफिसातून आला की बूट न काढता आधी इथे येतो, कोपरं टेकवून उभा राहतो, “बोला डॉक्टर, काय म्हणतात प्रयोग?” असं विचारतो, आणि मी बोलतो. दुसरीकडे कुठेही आम्ही बोलत नाही. एवढा विचार मनात आला आणि मला स्वतःची शिसारी आली. त्याच्या डोळ्याशी मी टेबलाचं वजन करत होतो. हे मी पावडर मोजायच्या तराजूपुढे उभं राहून करत होतो.

मी त्याला फोन लावला. तिथे डोंगरात सिग्नल नसतो. त्याचा आवाज म्हणाला की तो आत्ता फोन घेऊ शकत नाही, आणि मग यंत्र माझ्यासाठी थांबलं. यंत्राशी मला बोलता येत नाही. मी “शैलू” म्हणालो आणि फोन ठेवला. मग स्वयंपाकघरात गेलो.

“सुनेत्रा,” मी म्हणालो, “एक गोष्ट झाली असेल.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. मध्ये मी पावडरीच्या जळण्याच्या वेगाबद्दलही सांगायला लागलो असेन, कारण ती म्हणाली, “बाबा, ते राहू दे. एक सांगा. ओतलंत की नाही?”

“तेच आठवत नाही.”

“असं कसं आठवत नाही? परवाची तर गोष्ट आहे.”

“दोन्ही आठवतंय.”

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग तिने फ्रिजवरच्या चुंबकाखालून एक चिठ्ठी ओढली, शेतावरच्या घराचा नंबर, आणि फोन लावून माझ्या हातात दिला. “तुम्हीच बोला. मला त्यातलं काही सांगता येणार नाही. लवकर, बाबा.”

एका बाईंनी उचलला. जाड, वयस्कर, सकाळच्या कामात असलेला आवाज. माझं इंग्रजी पुस्तकी आहे, वाक्य पूर्ण झाल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी म्हणालो, गुड मॉर्निंग मॅडम, आय ॲम द फादर ऑफ शैलेंद्र. त्या म्हणाल्या, ओह, तो गोड मुलगा, तो वरच्या कुरणात आहे. मी म्हणालो, कृपा करून त्याला थांबवा, काडतुसं मी भरली आहेत, त्यांत चूक झाली असण्याची शक्यता आहे. शक्यता, हा शब्द मी टाळायला हवा होता.  त्या म्हणाल्या, गोळ्या चाललेल्या असताना मी त्या बाजूला चालत जात नाही हं, ट्रकमधून जाते आणि हॉर्न दाबत राहते, पोरांना माहीत आहे, हॉर्न वाजला की बंदूक उघडून खाली ठेवायची. फोन चालू ठेवा.

त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला. मला त्यांचं स्वयंपाकघर ऐकू येऊ लागलं. दार आपटलं. कुत्रा भुंकत बाहेर गेला. कसलं तरी भांडं मंद आचेवर खदखदत होतं. मी कधीही न पाहिलेल्या त्या खोलीत मी कानाने उभा होतो आणि तिथून हलू शकत नव्हतो. इंजिन सुरू झालं, लांब गेलं. सुनेत्रा माझ्यासमोर ओट्याची कड धरून उभी होती, “काय? काय चाललंय?” मी हात वर केला. आणि मग गोळीचा आवाज आला. लहानसा, कोरडा, वाळकी काटकी मोडावी तसा. कुत्रा थांबला. मी वाट पाहिली. आता आरडाओरडा ऐकू येईल असं वाटलं, पण भांडं खदखदत राहिलं. पद्मिनीच्या वेळी आयसीयूच्या दाराबाहेर मी असाच उभा होतो, आतल्या यंत्राचे आवाज मोजत, आणि तेव्हाही सगळे मला विचारत होते की डॉक्टर काय म्हणाले, आणि मी डॉक्टरांना काही विचारलंच नव्हतं. हॉर्न वाजला. लांब, रेकत, थांबेचना. त्या हॉर्नच्या आत, अगदी त्याच्या पोटात, मला दुसरी गोळी ऐकू आली. की आली नाही. मग सगळं थांबलं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पायऱ्यांवर बूट वाजले.

“बाबा? काय झालं? तुम्ही बरे आहात ना?”

 सुनेत्राने फोन माझ्या हातून घेतला. “शैलू, तू ठीक आहेस ना? डोळे, हात, सगळं? … हो. … नाही, ऐक, त्या गोळ्या उडवू नकोस. बाबांनी दोन पावडरी मिक्स केल्या असाव्यात. … असाव्यात म्हणजे त्यांना आठवत नाहीये.” मग ती बराच वेळ ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिने पाठ माझ्याकडे केली आणि आवाज खाली आणला. “हो ना. … मी पण नोटिस केलंय. … नंतर बोलू.”

दुपारी शैलेंद्र आणि त्याच्याबरोबर गेलेला राजीव, दोघे आले. गॅरेजच्या दारातच राजीव म्हणाला, “काका, यू सेव्ह्ड अस फ्रॉम बिकमिंग टोस्ट, यार! नाहीतर वुडचक जिंकला असता.” तो खरंच आनंदात होता.  शैलेंद्रने उरलेली काडतुसं टेबलावर ओतली आणि काडतुसं उघडायच्या हातोडीसारख्या हत्याराने एकेक ठोकून गोळ्या सुट्या करू लागला. पावडर एका पांढऱ्या ताटलीत जमा होत होती. “एकदा बोल्ट अडकला होता,” तो मान वर न करता म्हणाला. “तळहाताने मारून उघडावा लागला. मला वाटलं बॅरल गरम झालंय.” दाब वाढला की तसं होतं. ऊन चढलं की तसंच होतं. दोन्ही पुस्तकात आहे. आम्ही तिघं त्या ताटलीवर वाकलो, भिंग एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. राजीव म्हणाला, “इट ऑल लुक्स सेम टू मी.” शैलेंद्र म्हणाला, “मला दोन साइझ वाटतायत.” मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आत्ता जे मी म्हणालो असतो ते खरं ठरलं असतं. मी म्हणालो, “मला सांगता येत नाही.”

“इट्स ओके, बाबा,” शैलेंद्र म्हणाला. तो हे इतक्या मायेने म्हणाला की मी भिंग पुसायला घेतलं. “विकतच्या गोळ्या काही वाईट नसतात. नाहीतरी तुमचे डोळे फार ताणले जातात ह्यात.” त्याने पुस्तकं उचलून रॅकवर सगळ्यांत वर ठेवली, शिडीशिवाय हात पोचणार नाही तिथे. मुद्दाम नसेल. तो उंच आहे.

रात्रीचं जेवण आम्ही लवकर करतो. सुनेत्राने साबुदाण्याची खिचडी केली होती, मला आवडते म्हणून. कुणीच सकाळचं काही काढलं नाही. राजीवच्या लग्नाचं बोलणं झालं, गाडीच्या टायरचं झालं. शैलेंद्रने माझ्या ताटात दही वाढलं. मग चमचा ठेवून तो माझ्याकडे वळला आणि थोडं मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, “बाबा, प्रेशरची गोळी घेतली का आज? सकाळची?”

“घेतली,” मी म्हणालो.

“नक्की?”

मी घेतली होती. चहाआधी घेतो, रोज. पाण्याचा ग्लास आठवत होता, गोळी जिभेवर कडू झाली तेही आठवत होतं. पण ते आजचं होतं की कालचं? दोघं थांबली होती. शैलेंद्र हसून म्हणाला, “काही नाही हो, सहज विचारलं,” आणि त्याने सुनेत्राकडे पाहिलं. ती उठली, माझ्या खोलीत गेली. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, मग गोळ्यांची पट्टी हातात घेतल्यावर चुरचुरते तसा. मी खिचडीत हात तसाच ठेवून दाराकडे पाहत बसलो, ती येऊन काय सांगते ते ऐकायला.